रात्री गल्लीत गाडी लावताना: कायदा काय म्हणतो आणि टँकर कुठून जातो

मे महिन्यातली पहाट, पाच वाजलेले. लातुरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर येऊन थांबलाय. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, पण आत शिरता येत नाही. डाव्या बाजूला एक चारचाकी आणि बरोबर तिच्यासमोर, उजव्या बाजूला दुसरी. दोघींचे मालक झोपेत. ड्रम आणि घागरी घेऊन बाहेर आलेल्या बाया एकमेकींना विचारतात, "ही पांढरी गाडी कुणाची गं?" कुणीतरी दार वाजवतं. मालक डोळे चोळत बाहेर येतात. "माझ्या घरासमोर लावलीय. तुम्हाला काय अडचण हाय?" त्यावर समोरून उत्तर येतं, "रस्ता तुमच्या सातबाऱ्यावर हाय का मामा?"

हे बोलणं मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी कायदा मुळातून वाचायला बसले. वाचल्यावर लक्षात आलं की भांडणारे दोघेही अर्धेच बरोबर असतात. घरासमोरचा रस्ता घरमालकाचा नसतो, हे खरं. पण रस्ता सगळ्यांचा आहे म्हणजे तिथं कुणीही रात्रभर गाडी ठेवावी, असंही कायदा म्हणत नाही. मधली जी जागा उरते, ती समजून घेण्यासारखी आहे. आपल्या मराठवाड्यात गाड्या झपाट्यानं वाढल्या. गल्ल्या मात्र बैलगाडी आणि सायकलीच्या मापाच्याच राहिल्या.

रस्ता कुणाचा, हे आधी पाहू. महापालिकेच्या हद्दीत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू होतो. त्याच्या कलम २०२ प्रमाणे सार्वजनिक रस्ते महापालिकेकडे निहित असतात, म्हणजे ताबा आणि देखभाल तिची. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि २०२३ पासून जालना अशा पाच महापालिका आहेत. बीड, धाराशिव, हिंगोली यांसारख्या नगरपालिकांच्या गावांना १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागू, आणि खेड्यांत १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम. कायदा कोणताही असो, तुमच्या कंपाउंडच्या भिंतीबाहेर, नालीच्या पलीकडे जे सुरू होतं ते तुमचं नाही.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही लोकांना आवडत नाहीत. पहिली अशी की शेजाऱ्यानं तुमच्या भिंतीसमोर गाडी लावली, गेट मोकळं सोडलं, रस्ता अडवला नाही आणि तिथं मनाई नसेल, तर "माझ्या घरासमोर का लावली" एवढ्या कारणावर तुम्ही त्याला हटवू शकत नाही. दुसरी अशी की जागा धरून ठेवण्यासाठी रस्त्यावर कुंड्या, दगड, सिमेंटनं भरलेले डबे किंवा साखळी लावणं हेच उलट अतिक्रमण ठरतं. शेजाऱ्याची गाडी एक वेळ कायद्यात बसेल, कुंडी बसणार नाही.

"पण आमची गल्ली तर पुढं बंद आहे, आतली माणसंच वापरतात," असं जुन्या वस्तीत हमखास ऐकू येतं. संभाजीनगरच्या जुन्या भागातले बोळ, लातूरच्या गंजगोलाईमागच्या गल्ल्या, गुंठेवारीतले पंधरा-वीस फुटी रस्ते, सगळीकडे हाच युक्तिवाद. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये 'सार्वजनिक जागा' याची व्याख्या कलम २ च्या उपकलम ३४ मध्ये दिली आहे. ज्या रस्त्यावर किंवा जागेवर लोकांना जायचा हक्क आहे ती सार्वजनिक जागा, मग तो रस्ता आरपार जाणारा असो किंवा नसो. म्हणजे पुढं बंद असलेली गल्लीसुद्धा या कायद्यातून सुटत नाही.

दहा तासांचं कलम

'रात्रीचं पार्किंग' असं स्वतंत्र प्रकरण मोटार वाहन कायद्यात नाही. रात्री दहानंतर चालतं आणि सकाळी सहानंतर चालत नाही, अशी सर्वसाधारण रेघ कुठं ओढलेली नाही. पण एक आकडा आहे, आणि तो फार थोड्या लोकांना माहीत असतो. कलम १२७ सांगतं की सार्वजनिक जागेत एखादं वाहन दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ कुणी सोबत नसताना सोडून दिलेलं असेल, किंवा जिथं पार्किंगला कायद्यानं मनाई आहे तिथं उभं असेल, तर त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी ते टोइंग करून हलवायला किंवा त्याच्या चाकाला जॅमर लावायला सांगू शकतो.

हे वाक्य सावकाश वाचायला हवं, कारण त्यात दोन वेगवेगळ्या वाटा आहेत. मनाई असलेल्या जागी गाडी असेल तर दहा तास भरायची गरज नाही, पाच मिनिटांतही उचलता येते. आणि मनाईचा फलक कुठंच नसेल, तरी दहा तासांची वाट उघडी राहते. आता हिशेब करा. रात्री नऊला कामावरून आलात, गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि सकाळी साडेसातला काढली, तर साडेदहा तास झाले. म्हणजे आपल्याकडच्या हजारो गाड्या रोज रात्री या कलमाच्या टप्प्यात जातात.

मग रोज का उचलत नाहीत? कारण कलमात 'उचलता येईल' असं आहे, 'उचललीच पाहिजे' असं नाही. अधिकार वापरायचा की नाही हे पोलिसांच्या विवेकावर सोडलंय. कुणाला अडथळा नसेल तर कुणी येत नाही. तक्रार झाली, वाहतूक अडली किंवा गाडी दिवसेंदिवस धूळ खात पडली, की हेच कलम बाहेर येतं. म्हणून मी याला सवलत म्हणते, हक्क म्हणत नाही. आजवर कुणी बोललं नाही म्हणून उद्याही बोलणार नाही, असं धरून चालू नये. आणि गाडी उचलली तर त्याचा खर्च मालकाकडूनच वसूल होतो. दंड असेल तर तो वेगळा.

याच कलमाचा दुसरा भाग मोडक्या गाड्यांसाठी आहे. ॲक्सिडेंट झालेली, जळालेली, चाकं काढून विटांवर ठेवलेली गाडी प्रत्येक वॉर्डात एखादी तरी असते. अशी गाडी वाहतुकीला धोका किंवा अडथळा होत असेल, तर ती लगेच हटवता येते, दहा तास मोजत बसायची गरज नाही. आमच्या गल्लीत अशीच एक जीप चार पावसाळे उभी होती. खाली पाणी साचायचं, डास व्हायचे, पोरं तिच्यामागं लपाछपी खेळायची. तक्रार लेखी दिल्यावर ती हलली. तोंडी सांगण्यात आम्ही चार वर्षं घालवली.

तुलनेसाठी एक गोष्ट सांगते. जपानमध्ये १९६२ च्या कायद्यानं गाडी घ्यायची तर आधी पार्किंगची जागा दाखवावी लागते, आणि रात्री रस्त्यावर एकाच ठिकाणी सलग आठ तास गाडी ठेवायला मनाई आहे. आपल्याकडं गाडी आधी येते, जागेचा विचार नंतर सुरू होतो.

कुठं लावायचीच नाही

मोटार वाहन (ड्रायव्हिंग) विनियम, २०१७ मध्ये पार्किंगच्या मनाईच्या जागा दिल्या आहेत. फूटपाथ, सायकल ट्रॅक, झेब्रा क्रॉसिंग. चौक आणि त्याच्या लगतची जागा. वळण, पूल, चढाचा माथा. बसथांबा, शाळा आणि दवाखान्याचं प्रवेशद्वार. कुणाच्याही आवाराचं गेट. वाहतुकीचा फलक झाकला जाईल अशी जागा. आधीच उभ्या असलेल्या गाडीच्या शेजारी दुसरी गाडी लावायची नाही, आणि तिच्यासमोर पलीकडच्या बाजूला लावून रस्ता आवळायचा नाही. या जागांना फलकाची गरज नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर 'नो पार्किंग' लिहिलेलं नसलं तरी कोपरा म्हणजे मनाईच.

कोपऱ्याबद्दल मी थोडं जास्त बोलेन, कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त गाड्या तिथंच लागतात. घर कोपऱ्यावरचं असलं की भिंत दोन बाजूंनी मिळते, मोकळी जागा दिसते. पण लांब गाडीला, मग ती अँब्युलन्स असो, टँकर असो की कचऱ्याची घंटागाडी, वळताना मागची चाकं आतल्या बाजूनं कापत जातात. तिला वळायला रस्त्याच्या रुंदीपेक्षा कोपरा मोकळा लागतो. सरळ गल्लीत एका कडेला लावलेल्या गाडीनं अडणार नाही एवढं कोपऱ्यावरच्या एका मोटारसायकलनं अडतं.

गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूला, वाहतुकीच्या दिशेनंच तोंड करून लावायची, हा नियम लोकांना उगाचचा वाटतो. त्यामागं रात्रीचंच कारण आहे. गाडीच्या मागच्या बाजूला लाल रिफ्लेक्टर असतात आणि मागून येणाऱ्याच्या हेडलाइटमध्ये ते चमकतात. गाडी उलट्या तोंडानं लावली तर येणाऱ्याला लाल चमक दिसतच नाही. लाइट गेलेल्या रात्री तेवढाच फरक पुरतो. इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला असल्याशिवाय चालकानं सीट सोडायची नाही, हे कलम १२६ सांगतं. उतारावरच्या गल्लीत हँडब्रेकसोबत गिअरही टाकून ठेवावा.

वीस फुटांचा हिशेब

कायद्याचं कलम १२२ म्हणतं की गाडी अशा रीतीनं सोडू नका, की इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल. 'अवाजवी' म्हणजे किती? याचं उत्तर मला टेपनं सापडलं.

वीस फुटांची गल्ली म्हणजे सुमारे ६.१ मीटर. साधी छोटी चारचाकी सुमारे १.७ मीटर रुंद असते. नालीपासून अर्धा फूट सोडून लावली तर ती जवळपास १.८५ मीटर खाते. अशा दोन गाड्या समोरासमोर लागल्या की ३.७ मीटर गेले आणि मध्ये उरले २.४ मीटर. मोठ्या ट्रकची किंवा अग्निशमनाच्या बंबाची रुंदी साधारण अडीच मीटर असते. म्हणजे बंब आत येणार नाही. टँकरही नाही. पण त्याच गल्लीत गाड्या एकाच बाजूला लावल्या तर सव्वाचार मीटर उरतात आणि बंब, टँकर, अँब्युलन्स सगळं जातं. तीस फुटी रस्त्यावर दोन्ही बाजूंना लावूनही सुमारे साडेपाच मीटर उरतात. पंधरा फुटी गल्लीत मात्र एका बाजूला लावली तरी पावणेतीन मीटरच राहतात. तिथं आरसे मिटूनच मोठी गाडी जाईल, आणि एक मोटारसायकल तिरपी उभी असली तर तीही नाही.

हा हिशेब मी दोन वर्षांपूर्वी केला. त्याआधीच्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या मावशींना रात्री दीड वाजता छातीत दुखायला लागलं. अँब्युलन्स वेळेत आली, पण गल्लीच्या तोंडाशीच थांबली, कारण आत दोन गाड्या समोरासमोर होत्या. स्ट्रेचर आणायलाही तेवढा वेळ कुणी थांबलं नाही. चार पोरांनी मावशींना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दीडशे पावलं उचलून नेलं. त्या वाचल्या. पण खुर्चीचा हात घट्ट धरलेली त्यांची मूठ मला अजून दिसते. त्या दोन गाड्यांपैकी एक आमची होती.

फलक खरा की घरचा

गेटवर ऑइल पेंटनं लिहिलेलं 'नो पार्किंग' आणि रस्त्यावर प्रशासनानं लावलेला फलक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पार्किंगच्या जागा ठरवायचा आणि वाहतुकीचे फलक लावायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११६ आणि ११७ प्रमाणे शासनाला किंवा त्यानं अधिकार दिलेल्या प्राधिकरणाला आहे. संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालय आहे, तिथं वाहतुकीच्या अधिसूचना पोलीसच काढतात. बाकी जिल्ह्यांत जिल्हाधिकारी आणि जिल्हा पोलीस यांच्याकडून आदेश येतात, त्यासाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ चाही आधार घेतला जातो. अधिकृत फलक ओळखायला सोपा आहे. निळ्या गोलावर लाल कड आणि एक तिरकी लाल रेघ असेल तर पार्किंगला मनाई. दोन रेघांची फुली असेल तर थांबायलाही मनाई, माणूस उतरवण्यापुरतंसुद्धा नाही.

मग गेटवरच्या घरच्या पाटीला अर्थ नाही का? गेटपुरता आहे, कारण गेट अडवणं पाटी नसतानाही चूकच आहे. पाटी फक्त आठवण करून देते. पण त्याच पाटीच्या जोरावर कुणी वीस फूट भिंतीवर हक्क सांगत असेल तर तो टिकणार नाही. "गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल" असं लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की दुसऱ्याच्या गाडीचं टायर फोडणं किंवा रंगावर खिळा ओढणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली 'आगळीक', म्हणजे गुन्हा आहे. चुकीच्या जागी लागलेल्या गाडीवर कारवाई करायचा अधिकार पोलिसांचा आहे, शेजाऱ्याचा नाही.

बाजारपेठेच्या रस्त्यांवर 'पी-१' आणि 'पी-२' असे फलक दिसतात. विषम तारखेला एका बाजूला गाड्या, सम तारखेला दुसऱ्या बाजूला. दिवसा हे सोपं आहे. रात्री गाडी ठेवणाऱ्याची इथं फसगत होते, कारण तारीख रात्री बाराला बदलते. सात तारखेला रात्री दहा वाजता बरोबर बाजूला लावलेली गाडी दोन तासांनी, आठ तारीख लागताच, चुकीच्या बाजूला उभी असते. म्हणून अशा रस्त्यावर रात्रभर गाडी ठेवायचीच असेल तर सकाळच्या तारखेची बाजू धरावी. आणखी एक खोच आहे. ३१ तारीख विषम आणि पुढची १ सुद्धा विषम, म्हणजे त्या दोन दिवसांत बाजू बदलत नाही. फलकाखाली वेळ लिहिलेली असेल, समजा सकाळी नऊ ते रात्री नऊ, तर नियम त्या वेळेपुरता.

सणासुदीचे आदेश वेगळे. तुळजापुरात शारदीय नवरात्रात आणि कोजागरीला चालत येणाऱ्या भाविकांसाठी रस्ते बंद होतात, वाहतूक वळवली जाते. गणेश विसर्जनाच्या मार्गावर आदल्या रात्रीपासूनच गाड्या काढायला सांगतात. हे आदेश वर्तमानपत्रांत येतात आणि पोलिसांच्या समाजमाध्यमांवर असतात. मिरवणुकीच्या मार्गावर राहणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी ते बघावेत. परगावी गेलेल्यांच्या गाड्या नेमक्या तेव्हाच उचलल्या जातात.

ट्रॉली, ट्रक आणि गावाबाहेरचा रस्ता

शहराच्या गल्लीत अडथळ्याचा प्रश्न असतो. गावाबाहेर प्रश्न जिवाचा होतो. गाळप हंगाम सुरू झाला की बीड, लातूर, धाराशिव, परभणीच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या उभ्या दिसतात. कधी टायर फुटलेला, कधी नंबराची वाट बघत, कधी ड्रायव्हर चहाला गेलेला. मागं रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, आणि उसाचा ढीग अंधारात अंधारासारखाच दिसतो. मोटारसायकलवरून येणाऱ्याला तो दिसतो तेव्हा ब्रेक दाबायला वेळ उरत नाही. गावागावांत अशा धडकांमध्ये तरुण पोरं गेली आहेत. कलम १२२ मधला 'धोका' हा शब्द इथं सगळ्यात जड आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १०९ मध्ये पार्किंग लाइटची तरतूद आहे. पुढं पांढरा किंवा पिवळसर, मागं लाल, आणि गाडी रस्त्यावर उभी असतानाही लागलेला राहील असा. उजेडाच्या गल्लीत रात्रभर दिवे लावून कुणी बॅटरी उतरवणार नाही, ते मी समजू शकते. पण उघड्या रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीला दिवा, मागं लाल त्रिकोण आणि ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर किंवा चमकणारी टेप एवढं हवंच. हिरव्या फांद्या रोवून ठेवायची आपली जुनी रीत दिवसा चालते. रात्री फांदी चमकत नाही. सोलापूर-धुळे महामार्गावर किंवा तुळजापूरहून लातूर-नांदेडकडं जाणाऱ्या महामार्गावर झोप आली तर कडेला गाडी लावून डोळा लावू नका. पेट्रोल पंप किंवा ढाब्याच्या आवारात आत घ्या.

गावठाणात ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र रस्त्यावर उभं राहतं. तिथं पहिला अर्ज ग्रामपंचायतीकडं.

गाडी जागेवर नसेल तर

सकाळी उठून बघावं आणि गाडी नसावी, यासारखी धडकी दुसरी नाही. आधी शहर वाहतूक शाखेला किंवा ११२ ला फोन करून गाडी टो केली आहे का विचारा, गाडीचा नंबर सांगा. उचलली असेल तर कागदपत्रं घेऊन जायचं, दंड आणि टोइंगचा खर्च भरून पावती घ्यायची. तसं नसेल तर वेळ न घालवता चोरीची फिर्याद द्या आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचे पैसे मिळत नाहीत, रस्त्यावर गाडी ठेवणाऱ्यानं हे आधीच तपासावं.

नो पार्किंगचा दंड बहुतेकदा मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे वाढीव दर महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा तीच चूक केली तर १,५०० रुपये. आता चलन फोटो काढून होतं आणि मेसेज मालकाच्या मोबाइलवर येतो, म्हणून आरसीला जुना नंबर जोडलेला असेल तर बदलून घ्या. रस्ता अडवून धोका निर्माण केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ लागू शकतं, त्यात ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. टोइंगच्या गाडीवरची पोरं स्वतःहून गाडी उचलू शकत नाहीत, गणवेशातल्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ती विचारायचा तुम्हाला हक्क आहे, सौम्य शब्दांत विचारा.

इमारतीतली जागा गेली कुठं

रस्त्यावर गाड्या येण्याचं एक कारण इमारतींच्या पोटात आहे. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, जी २०२० मध्ये आली, प्रत्येक इमारतीला पार्किंग सोडावंच लागतं. मोठ्या चारचाकीसाठी अडीच बाय पाच मीटर, दुचाकीसाठी एक बाय दोन मीटर असं माप धरतात. नकाशावर ही जागा असते. प्रत्यक्षात तिथं शटर लागतं, क्लास भरतो, झेरॉक्सचं दुकान निघतं. आमच्या लातुरात शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या दुचाकी मग रस्त्यावर येतात आणि आपण मुलांना दोष देतो. मुलांचा दोष नाही. मंजूर नकाशातली पार्किंगची जागा दुसऱ्या कामाला वापरली असेल तर महापालिकेच्या नगररचना विभागाकडं तक्रार करता येते. फ्लॅट घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, किंवा उघडी पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्र फ्लॅटसारखी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलं आहे.

तक्रार करायची तर

रात्री गेट अडलंय, आजारी माणूस बाहेर न्यायचाय, तर ११२. रोजचा त्रास असेल तर वाहतूक शाखेला लेखी अर्ज, सोबत तारीख-वेळ दिसणारे दोन-तीन फोटो, आणि अर्जाची पोच घ्यायची. आपल्या रस्त्याबद्दल अधिसूचना निघालीय का, हे कळत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज महापालिका किंवा पोलिसांकडं करता येतो, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. गल्लीला एका बाजूचं पार्किंग हवं असेल तर रहिवाशांच्या सह्यांचं निवेदन वाहतूक शाखेला आणि महापालिकेला, दोघांनाही द्या. एका कार्यालयात दिलं की दुसऱ्याकडं बोट दाखवलं जातं, हा अनुभव आम्ही घेतलाय. कायमचा अडथळा असेल आणि कुणीच दाद देत नसेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडं जाता येतं. ती वाट लांबची आहे.

मावशींच्या त्या रात्रीनंतर आमच्या गल्लीनं निवेदन दिलं, पण उत्तराची वाट बघत बसलो नाही. रविवारी सकाळी टेप घेऊन सगळे बाहेर आलो. नालीचा चढ ज्या बाजूला कमी, ती बाजू गाड्यांची ठरली. समोरची बाजू मोकळी. दोन्ही कोपऱ्यांवर पाच-पाच पावलं काहीच लावायचं नाही, दुचाकीसुद्धा. ज्यांच्या घरात जागा आहे त्यांनी तिथलं जुनं फर्निचर काढून गाडी आत घ्यायची. यावर सगळ्यात जास्त वाद झाला, आणि दोन घरांनी शेवटपर्यंत ऐकलं नाही. प्रत्येक गाडीच्या काचेआड मालकाचा फोन नंबर मोठ्या अक्षरात. पाहुण्यांना आल्याबरोबर चहाच्या आधी हे सांगायचं. या करारामुळं कुणाला रस्त्यावर हक्क मिळत नाही, आणि उद्या पोलिसांनी वेगळा आदेश काढला तर तोच चालेल, हे सुरुवातीलाच सगळ्यांना सांगितलं होतं.

यंदाच्या मे महिन्यात टँकर गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत आला. ड्रायव्हरनं एक आरसा मिटला तेवढाच.